जहाजाची नाळ कोणीं धुवावी ?

जहाजांच्या इतिहासाविषयीं बोलावयास ध्वनिक्षेपकापुढें बसलेला मनुष्य बहुधा लढाया, वादळें आणि नव्या भूमींचे शोध यांविषयीं बोलतो. ते विषय भव्य आहेत, आणि ते ऐकतांना घरांतील लहानथोर सारेच रंगून जातात. मी आज घेतलेला विषय भव्य नाहीं. चारचौघांत तो कोणी काढीत नाहीं. आणि आपण जेवावयास बसलां असाल तर आरंभींच आपली क्षमा मागतों. कित्येक आठवडे भूमीचें दर्शन न होणाऱ्या शिडाच्या जहाजावर चारशें, पांचशें, कधीं आठशें माणसें राहत. हीं माणसें शौचास कोठें जात, आणि ती जागा स्वच्छ कोण करी, एवढाच माझा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु समुद्रावर ज्या रोगांनीं तोफांपेक्षां अधिक माणसें मारलीं, त्यांतील कित्येकांचें मूळ या प्रश्नाच्या उत्तरांत आहे; आणि माणसानें माणसाला काय लेखलें, याचाहि पुष्कळसा इतिहास त्यांत दडलेला आहे.

प्रथम जागेचा विचार करूं. आपल्याकडे गलबताच्या पुढच्या टोंकास नाळ म्हणतात. युरोपांतील मोठ्या शिडाच्या जहाजांना नाळेच्या पुढें चोंचीसारखा एक भाग काढलेला असे. त्याची भुई सलग फळ्यांची नसून लांकडी जाळीची असे. त्या जाळीवर दोन्ही अंगांस भोंकें पाडलेल्या पेट्या बसवीत. त्यांच्याखालीं थेट समुद्र. हींच साध्या खलाशांचीं शौचासनें. इंग्रज खलाशी या जागेला ‘हेड’, म्हणजे डोकें, म्हणूं लागले. आणि शिडें जाऊन यंत्रें आलीं तरी इंग्रजी बोलणाऱ्या आरमारांत शौचकूपाला आजहि तेंच नांव चालूं आहे. फ्रेंच खलाशांनीं त्याला नाळेच्या चोंचीचेंच नांव दिलें. स्पॅनिश खलाशी मात्र अधिक रसिक. त्यांनीं जहाजावरील शौचकूपाला ‘बाग’ म्हटलें !

घराच्या मागच्या अंगास शौचकूप बांधणाऱ्या आपणांस ही पुढची जागा चमत्कारिक वाटेल. पण समुद्रावरचा व्यवहारच निराळा. चौकोनी शिडांचें जहाज वाऱ्याच्या तोंडावर चालूं शकत नाहीं. त्याला वारा पाठीमागून किंवा बाजूनें मिळावा लागतो. तेव्हां चालत्या जहाजाची पिछाडी ही बहुधा वाऱ्याकडची बाजू असते, आणि नाळ ही वाऱ्याखालची. नाळेवर बसल्यास दुर्गंधी जहाजावर न येतां पुढें निघून जाते. शिवाय नाळ पाणी कापीत जाते, लाटा जाळींतून वर उसळतात आणि मळ धुवून नेतात. योजना साधी होती, बिनखर्चाची होती आणि जाणत्या माणसांनीं केलेली होती. मात्र तींत एक मोठें वैगुण्य होतें. जी लाट जागा धुवून नेई, ती प्रसंगीं तेथें बसलेल्या माणसालाहि न्यावयास चुकत नसे. नाळेवर भिंत नाहीं, छप्पर नाहीं, आणि वादळांत तर तीच जागा प्रथम पाण्याखालीं जावयाची.

शिवाय तेथें आसनें तरी किती असत ? स्वीडनच्या राजानें बांधविलेलें ‘वासा’ नांवाचें लढाऊ जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजीं पहिल्याच सफरींत स्टॉकहोमच्या बंदरांत बुडालें. तें २४ एप्रिल १९६१ रोजीं वर काढण्यांत आलें आणि आज तेथील संग्रहालयांत उभें आहे. त्यावर सुमारे १४५ खलाशी आणि ३०० शिपाई राहावयाचे होते. नाळेवरचीं आसनें मात्र दोन. हिशेब केला तर एका आसनामागें दोनशें वीसांवर माणसें पडतात ! जहाज बांधणाऱ्या सुतारांना हा हिशेब येत नव्हता असें नाहीं. तोफा किती, बारूद किती, पिण्याचीं पिपें किती, हें सारें त्यांनीं मोजलेलेंच होतें. मोजलें नाहीं तें एवढेंच.

जी गोष्ट मोजलेली नसते ती नाहींशी होत नाहीं. ती दुसरीकडे जाते. रात्रीच्या काळोखांत, हिंवाच्या वाऱ्यांत, अंगांत ताप असतां कोणता मनुष्य तोफांच्या रांगांमधून वाट काढीत, शिडी चढून, ओल्या जाळीवर जाऊन बसेल ? तो आडोसा पाही. कोणी बादली वापरी, कोणी तोफेआडचा कोपरा. आणि जहाजांतील प्रत्येक ओल शेवटीं एकाच ठिकाणीं उतरते. तें ठिकाण म्हणजे तळ. जहाज तोल धरून राहावें म्हणून तळाशीं दगड आणि वाळू भरलेली असे. समुद्राचें झिरपलेलें पाणी, सांडलेलें अन्न, मेलेले उंदीर आणि माणसांचा मळ हें सर्व त्या वाळूंत मुरून महिनोन्‌महिने कुजत राही. वर झेंडे फडकत असत. खालीं ही स्थिति.

पण जहाजावर सर्वांचीच अशी दैना होती असें मात्र समजूं नका. पिछाडीस कप्तानाची खोली असे. तिच्या दोन्ही बाजूंस कांचेच्या खिडक्या असलेले नक्षीदार सज्जे काढलेले असत. चित्रांत ते पाहून आपण त्यांच्या कोरीव कामाची वाखाणणी करतों. परंतु त्या सज्ज्यांतच कप्तानाचें आणि बड्या अधिकाऱ्यांचें खाजगी शौचकूप असे. अठराव्या शतकांतील इंग्रजी जहाजांवर नाळेच्या भिंतीपाशीं दोन लहान गोलसर खोल्याहि करूं लागले. त्या मधल्या दर्जाच्या लोकांसाठीं आणि आजाऱ्यांसाठीं. उरलेल्या शेंकडों लोकांना उघडी जाळी. १८०५ सालीं ट्रॅफल्गारच्या लढाईंत नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर सुमारे ८२० माणसें होतीं. त्यांतील कोणत्याहि माणसाचा हुद्दा त्याच्या टोपीवरून कळला नसता तरी तो सकाळीं कोणत्या दिशेला चालला आहे यावरून खचित कळला असता.

उतारूंची लाज तर कोणी लक्षांतच घेत नसे. यूजेनियो दे सालाझार नांवाचा एक स्पॅनिश न्यायाधीश १५७३ सालीं बायकामुलांसह अमेरिकेकडील सांतो दोमिंगो बेटास चालला होता. त्यानें आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रांत या कसरतीचें मोठें विनोदी वर्णन केलें आहे. जमिनीवर जो न्यायासनावर बसे, त्याला येथें सर्वांच्या डोळ्यांदेखत समुद्रावर लोंबकळावें लागलें. आपण तें वाचून हंसतों. पण ज्या काळांत पुरुषालाहि ही अवस्था हंसण्यावारी न्यावी लागली, त्या काळांत जहाजावरील स्त्रियांनीं काय सोसलें असेल, याची कल्पना आपल्या घरांतील स्त्रियांना मीं सांगावयास नको.

आतां आपल्या किनाऱ्याकडे येऊं. लिस्बनहून गोव्यास येणारीं पोर्तुगीज जहाजें साधारणपणें सहा महिने वाटेवर असत. फ्रांस्वा पिरार नांवाचा एक फ्रेंच प्रवासी मालदीवजवळ जहाज फुटून अनेक संकटें भोगीत १६०८ सालीं गोव्यास पोंचला. त्यानें लिहिलेल्या प्रवासवर्णनांत या जहाजांच्या घाणीविषयीं स्पष्ट तक्रार आहे. बहुतेक लोक शौचासाठीं वर येण्याची तसदीच घेत नाहींत आणि इतकीं माणसें मरतात त्याचें हें एक कारण आहे, असें त्याचें म्हणणें. आपल्या देशाच्या लोकांनाहि त्यानें या दोषांतून वगळलेलें नाहीं. उलट डच आणि इंग्रज याबाबतींत फार दक्ष असतात, असें त्यानें मोकळेपणानें कबूल केलें आहे. प्रवासी मनुष्य स्वदेशाविषयीं इतकें खरें क्वचितच लिहितो.

गोव्यांत पोंचल्यावर पिरारला तेथील राजाच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें. त्या इस्पितळाची त्यानें तोंड भरून स्तुति केली आहे. स्वच्छ अंथरुणें, नेटकी शुश्रूषा, जेवणासाठीं रुप्याचीं भांडीं ! असें इस्पितळ जगांत दुसरें नसेल असें त्याला वाटलें. आणि तरीहि, चार्ल्स बॉक्सर या इतिहासकारानें दिलेल्या आंकड्याप्रमाणें, सतराव्या शतकाच्या पहिल्या ३० वर्षांत त्याच इस्पितळांत सुमारे २५,००० पोर्तुगीज शिपाई मरण पावले. ते सर्व जहाजावरच्या घाणीनें मेले असें म्हणणें अन्यायाचें होईल. गोव्याचा हिंवताप आणि तेथील दूषित पाणी यांचाहि त्यांत मोठा वांटा होता. परंतु सहा महिन्यांच्या प्रवासानें पोखरलेलें शरीर घेऊन जो बंदरावर उतरे, त्याला रुप्याचें ताट वांचवूं शकत नव्हतें.

हे आजार कोणते ? एक रक्ताची हगवण. मळांतील जंतु हातांनीं, माशांनीं आणि पाण्यावाटे अन्नांत जातात, आणि एकाचा आजार शंभरांचा होतो. दुसरा जहाजी ताप. हा उवांमुळें पसरतो. इंग्रजांचें ‘मेरी रोझ’ हें जहाज १५४५ सालीं बुडालें व १९८२ सालीं वर काढलें गेलें. त्यांत खलाशांच्या बारीक दातांच्या ऐंशींच्या घरांत फण्या सांपडल्या, आणि कांहींच्या दातांत उवांचे अवशेष अजून अडकलेले होते! जंतूंची कल्पना त्या काळीं कोणासच नव्हती. रोग घाणेरड्या हवेनें होतात अशी विद्वानांचीहि समजूत होती. म्हणून ते जहाजांत शिरका शिंपीत, गंधक आणि बारूद जाळीत, हवा खेळविण्यासाठीं भाते बसवीत. उपपत्ति चुकीची होती. परंतु तिच्यापायीं कांहीं बरोबर गोष्टी घडल्या. वास घालवावयाचा तर मळ काढावा लागे, आणि मळ काढला कीं जंतूहि जात.

डॉ. जेम्स लिंड यांचें नांव लिंबाच्या रसानें स्कर्व्ही रोग बरा होतो हें १७४७ सालीं प्रयोगानें दाखविल्याबद्दल प्रसिद्ध आहे. पण १७५७ सालीं त्यांनीं खलाशांच्या आरोग्यावर निराळा ग्रंथ लिहिला, आणि त्यांत स्वच्छतेवर फार भर दिला. हें शास्त्र आचरणांत आणून दाखविलें तें कॅप्टन जेम्स कुक यानें. तो तळमजल्यांत विस्तव पेटवून ओल वाळवी, अंथरुणें वर आणून उन्हांत घालावयास लावी, आणि खलाशांचे हात व कपडे स्वतः तपाशी. ‘रिझोल्यूशन’ जहाजावरून १७७२ ते १७७५ अशी तीन वर्षांची पृथ्वीप्रदक्षिणा त्यानें केली. ११८ माणसांपैकीं रोगानें मेलेला मनुष्य एकच. याच कामाबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला १७७६ सालीं कॉप्ले पदक दिलें. ध्यानांत घ्या, पदक नव्या भूमीच्या शोधाबद्दल नव्हतें. माणसें जिवंत परत आणल्याबद्दल होतें.

मात्र याच कुकला पूर्वींच्या सफरींत एक कठोर धडा मिळाला होता. १७७० च्या अखेरीस त्याचें ‘एन्डेव्हर’ जहाज डागडुजीसाठीं बटाव्हियास, म्हणजे आजच्या जाकार्तास, थांबलें. तोंवर रोगानें फारसें कोणी दगावलें नव्हतें. तेथील तुंबलेले कालवे आणि दूषित पाणी यांनीं खलाशांना ताप आणि हगवण दिली, आणि तेथें व पुढील वाटेवर मिळून तीसच्या आसपास माणसें गेलीं. आपली नाळ कितीहि धुतली तरी शेजाऱ्याचा कालवा घाण असेल तर आपण वांचत नाहीं, हा त्यांतील अर्थ.

आतां प्रश्नाचा दुसरा भाग. ही नाळ धूत कोण असे ?

कॅप्टन जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज दर्यावर्दी गृहस्थानें १६२७ सालीं जहाजविद्येवर एक पुस्तक छापलें. त्यांत जहाजावरील एकेका कामगाराची माहिती देतां देतां तो एक मौजेची चाल सांगतो. दर सोमवारीं जो खलाशी प्रथम खोटें बोलतांना सांपडे, त्याच्या नांवानें मधल्या डोलकाठीपाशीं ‘लबाड, लबाड’ असा पुकारा होई, आणि पुढील आठवडाभर नाळ स्वच्छ ठेवण्याचें काम त्याच्याकडे येई. आठवडा संपला कीं दुसऱ्या कोणाची पाळी. काम हलकें मानलें जाई यांत शंका नाहीं. नाहीं तर ती शिक्षा कशी झाली असती? परंतु तें कोणाच्याहि वांट्यास येऊं शकत होतें आणि सात दिवसांनीं सुटतहि होतें. एवढा तरी न्याय त्यांत होता.

हा न्याय सगळ्या जहाजांवर नव्हता. आफ्रिकेंतून अमेरिकेकडे गुलाम नेणाऱ्या जहाजांवर शल्यवैद्य म्हणून काम केलेला अलेक्झांडर फाल्कनब्रिज यानें १७८८ सालीं आपली हकीकत प्रसिद्ध केली. गुलामांच्या प्रत्येक कोठडींत तीन-चार मोठ्या बादल्या ठेवीत. माणसें दोन दोन करून बेडीनें जखडलेलीं. दूर असलेल्याला बादलीपर्यंत पोंचतां येत नसे. पोंचावयाचें तर आपल्या जोडीदाराला ओढीत, दुसऱ्यांना तुडवीत जावें लागे. मग पुष्कळजण तो प्रयत्नच सोडून देत. त्याच भुईवर ते निजत आणि हगवणीनें मरत. येथें घाण हा निष्काळजीपणाचा परिणाम नव्हता; माणसाला माल मानल्याचा तो परिणाम होता. इंग्लंडनें १८०७ सालीं हा व्यापार कायद्यानें बंद केला, त्यामागें अशा साक्षींचें बळ होतें.

गुलामी गेल्यावर मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून करारबंद हिंदी मजुरांचीं जहाजें सुरूं झालीं. १८३४ पासून मॉरिशस बेटावर हजारों लोक गेले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले आपले कोंकणांतले आणि देशावरचे लोकहि होते. त्यांचे मराठी वंशज तेथें आजहि आहेत. पोर्ट लुई येथें ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ सालापासून जागतिक वारसा म्हणून जतन केला जातो. तेथें पायऱ्या आहेत, इस्पितळाची इमारत आहे, स्वयंपाकघरांचे अवशेष आहेत, आणि शौचकूपांचेहि आहेत. मोठमोठ्या राजवाड्यांचे अवशेष आपण पाहिले असतील. पण माझ्या मतें हे अवशेष त्यांच्याइतकेच बोलके आहेत.

या मजुरांच्या जहाजांवर कांहीं कामें मजुरांतूनच निवडलेल्या लोकांकडे देत. स्वयंपाक करणारा तो ‘भंडारी’, आणि शौचकूपें व भुई झाडणारा तो ‘टोपास’. हा ‘टोपास’ शब्द मोठा विलक्षण आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत तो पोर्तुगीज मिश्र वंशाच्या शिपायांना लावीत. कोणी त्याची व्युत्पत्ति ‘टोपी’पासून लावतात, कोणी ‘दुभाषी’पासून. पुढें तो शब्द घसरत घसरत जहाजावरच्या भंग्याचा वाचक झाला. आगबोटींच्या काळांत मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर कोंकणी खलाशी, दिवाणखान्यांत गोमंतकीय वाढपी, आणि शौचकूपांत टोपास, अशी वांटणी ठरून गेली. इंग्रजी अमलाखालील हिंदी आरमारांतहि ‘टोपास’ ही एक वेगळी पायरी होती. बोट नवी, यंत्र नवें, पितळी नळ आणि पांढरें चिनी मातीचें भांडें नवें. परंतु तें धुणारा हात मात्र जन्मानें ठरलेला. समुद्र ओलांडला कीं जात जाते असें आपले वाडवडील म्हणत. झाडूवाल्याची जात मात्र सात समुद्रांनींहि धुतली नाहीं !

आज जहाजाचा मळ कोठें आणि कसा सोडावा याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. २७ सप्टेंबर २००३ पासून ते लागूं झाले. प्रक्रिया न केलेला मळ किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आंत सोडतां येत नाहीं. हजारों वर्षें माणूस समुद्राला अथांग समजत आला. आतां कोठें त्यालाहि अंत आहे हें त्याला उमगूं लागलें आहे. जमिनीवर आपल्या देशांत माणसाच्या हातून मैला उचलून घेण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ सालीं झाले. ज्या देशाला तोच कायदा वीस वर्षांनीं पुन्हां करावा लागतो, त्यानें पहिल्या खेपेस काय राहून गेलें याचा विचार करावयास हवा.

श्रोतेहो, शिडांचीं जहाजें आतां संग्रहालयांत गेलीं. आपण तीं पाहावयास जाल तेव्हां तोफा पाहा, डोलकाठ्या पाहा, पिछाडीचे नक्षीदार सज्जेहि पाहा. पण शेवटीं क्षणभर नाळेकडे जा आणि त्या ओल्या जाळीवर बसणाऱ्या आणि ती धुणाऱ्या माणसांची आठवण करा. चारशें वर्षांपूर्वींच्या त्या अडाणी खलाशांनीं सोमवारच्या लबाडाला आठवडाभर नाळ धुवावयास लावली, तेव्हां त्यांना फार मोठा न्याय करावयाचा होता असें नाहीं. त्यांना थोडी मौज करावयाची होती. तरीहि हें काम आज तुझें, उद्यां माझें असूं शकतें, एवढें त्यांना ठाऊक होतें. आपण सर्व एकाच जहाजांत बसलेले असून आपल्याला तें अजून पुरतें ठाऊक झालेलें नाहीं.